वणव्याचा पैसा ऑगस्टात मागायचा: खानापूरच्या डोंगरी गावांसाठी कामाची पद्धत

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वणव्याचे दिवस साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून वळवाचा पाऊस पडेपर्यंत. सरकारचं आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला, म्हणजे वणव्याच्या ऐन भरात. जानेवारीत यायला हवा होता तो निधी अनेकदा मार्चच्या तोंडावर येतो, तोवर डोंगर काळा झालेला असतो. मग ‘खर्च करा नाहीतर परत जाईल’ म्हणून घाईघाईत जाळरेषा (आग अडवायला गवत-पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे) झाडल्याच्या पावत्या होतात. एप्रिल उजाडला की नवीन वर्षाचा निधी अजून यायचा असतो, आणि राखणीला ठेवलेली पोरं मजुरीविना घरी बसतात. उन्हाचा सगळ्यात वाईट महिना तो.

गावाने मार्चात आग झोडपायला डहाळ्या घेऊन धावायचं ते धावावंच लागतं. पण खरी लढाई त्याआधी चार ते सात महिने, ऑगस्ट ते नोव्हेंबरात, कागदावर होते. ती कशी लढायची ते इथं सांगतो. कणकुंबी, जांबोटी, लोंढा, नागरगाळी, हेम्माडगा अशा कुठल्याही रानालगतच्या गावाला हे लागू पडेल. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या भावकीला वाटा वेगळ्या सापडतील, कारण सीमेपलीकडे खातं वेगळं, कायदे थोडे वेगळे. डोंगर मात्र तोच, हे सांगायला नको.

आधी हे रान कुणाच्या कामाचं ते सांगता आलं पाहिजे

पैसा मागायला जाताना ‘आमचं जंगल जळतंय’ एवढ्यावर कुणी हलत नाही. पाणी म्हटलं की कान टवकारतात. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात जाते. हुबळी-धारवाडचे नळ त्याच पाण्यावर. म्हादई देगावच्या रानातून निघून गोव्यात उतरते. तिच्या पाण्यावर तीन राज्यं वर्षानुवर्षं भांडताहेत, पण ती जिथून पाझरते त्या उतारावरचा पाचोळा जळू नये म्हणून कोण किती पैसे घालतो, हे कुणी विचारत नाही. तुमच्या अर्जात हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात यायला हवा. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीतल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडतं. तुमचं गाव त्या हद्दीलगत असेल तर हेही लिहा.

पाण्याचा संबंध एका वाक्यात असा समजावता येतो. आग पाचोळा खाते, पाचोळा गेला की पहिल्या पावसाचा थेंब थेट मातीवर आपटतो, माती ओढ्यात जाते आणि जूनमध्ये ओढा तांबडा वाहतो. जमिनीत मुरायचं पाणी वाहून गेलं की मार्चात झरा आटतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हे शास्त्र म्हणून सांगावं लागत नाही. अमुक झरा पूर्वी होळीपर्यंत चालायचा, हे ते तारखेनिशी सांगतात. त्यांचं ते म्हणणं लिहून घ्या, नाव-वयासह, अंगठा किंवा सही घेऊन. हा कागद पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडतो.

ऑगस्ट: पायी नकाशा

पाऊस ओसरला की चार-पाच जणांनी रान फिरायचं. सोबत एक जुना जाणता माणूस, एक गुराखी आणि मोबाईल चालवणारं एक पोर हवं. गेल्या तीन वर्षांत आग कुठे लागली, कुठून शिरली, कुठे थांबली, हे गुराख्याला जितकं ठाऊक असतं तितकं ऑफिसातल्या कुठल्याही फाइलीत नसतं. एक बारीक गोष्ट आहे. आग कळवली की ‘तुझ्या बीटमध्ये (राखणीच्या हद्दीत) आग लागलीच कशी’ म्हणून बोलणी खाणारा वन खात्याचा गार्ड छोटी आग कळवायचं टाळतो. त्यामुळे कागदावरचं जळकं क्षेत्र बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्यापेक्षा कमी असतं, आणि जिथं आग ‘लागतच नाही’ तिथं पैसाही येत नाही. गावाची वेगळी नोंद यासाठीच हवी.

फिरताना जमीन कुणाची ते ओळखा. कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ नावाचं ॲप आहे. तुम्ही उभे आहात तिथला सर्व्हे नंबर ते दाखवतं. राखीव जंगल, गायरान, मालकी रान, काजूची बाग असे चार रंग नकाशावर भरा. याच पायरीवर निम्मे अर्ज मरतात. गायरानावरच्या आगीसाठी फॉरेस्टकडे आणि राखीव जंगलातल्या आगीसाठी पंचायतीकडे अर्ज गेला की दोन्हीकडून ‘आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर येतं.

उपग्रहाची माहितीही फुकट मिळते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या ‘वन अग्नि’ पोर्टलवर नाव नोंदवलं की आपल्या भागातल्या आगीची सूचना मोबाईलवर येते. त्यावर फार विसंबू नका. त्यातल्या एका यंत्रणेचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन आणि दुसरीचा एक किलोमीटरचा, म्हणजे आग नेमकी कुठल्या खोऱ्यात ते कळत नाही. बारीक ठिपके देणारा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. संध्याकाळी पाचला कुणी काडी टाकली तर रात्री उशिरापर्यंत त्याला पत्ता नसतो. शिवाय आपल्याकडे वीटभट्ट्या आणि कौलांचे कारखाने पुष्कळ, त्यांची धग कधीकधी जंगलाची आग म्हणून उमटते. मात्र मागच्या वर्षांचे ठिपके काढून आपल्या नकाशावर टाकले तर अर्जाला वजन येतं. साहेबांना सरकारच्याच आकड्यावर ‘नाही’ म्हणता येत नाही.

काडी कोण लावतं

भारतातल्या जंगलातल्या जवळजवळ सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात. वीज पडून लागलेली आग आपल्या रानात मी तरी पाहिलेली नाही. कारणं मात्र गावोगाव वेगळी. काजूच्या बागेत पडलेली बी दिसावी म्हणून खालचं गवत जाळतात. नवीन कोवळं गवत फुटावं म्हणून गुरांसाठी करड, म्हणजे वाळकं गवत, जाळतात. मधासाठी टेंभा लावतात. शिकारीसाठी जाळतात, हे कुणी कबूल करत नाही. चोर्ला रस्त्यावर गाडी थांबवून सिगारेट टाकणारे आहेत, दरीच्या कडेला चूल मांडून मटण शिजवणारे आहेत.

ही यादी गावसभेत वाचायची नाही. नावं घेतली की भांडण, आणि भांडण झालं की दुसऱ्या वर्षी मुद्दाम काडी पडते. प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर काढा. काजूवाल्यांना सांगा की गवत जाळू नका, कापून झाडाच्या बुंध्याभोवती पसरा, ओल टिकते. ज्याला जाळायचंच आहे त्याने जानेवारीत, सकाळी लवकर, चौघांना सोबत घेऊन आणि बाजूने पट्टा झाडून जाळावं. अभयारण्यात मात्र हा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 30 प्रमाणे तिथं आग लावणं हा गुन्हा आहे. राखीव जंगलातही कर्नाटक वन कायदा, 1963 लागू आहे.

रानमोडी या झुडपी तणाबद्दल दोन शब्द. आग लागलेल्या, उघड्या पडलेल्या जागेवर ती सगळ्यात आधी येते, माणसाच्या उंचीची होते, उन्हाळ्यात वाळते आणि पुढच्या वर्षी आगीला शिडी देते. ती फुलायच्या आधी उपटली तर दोन वर्षांत फरक दिसतो. फुलल्यावर कापली तर बी पसरतं, काम वाया.

सप्टेंबर: खर्चाचा हिशेब स्वतः काढा

‘जाळरेषेसाठी निधी मिळावा’ असा अर्ज म्हणजे हवेतला अर्ज. किती लांब, किती रुंद, किती माणसं, किती दिवस, हे लिहा. त्यासाठी एकदा प्रत्यक्ष 100 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद पट्टा कापून बघा. समजा चार माणसांना एक दिवस लागला. मग एका किलोमीटरला 40 माणूस-दिवस, सहा किलोमीटरला 240. त्याला त्या वर्षीच्या सरकारी मजुरीच्या दराने गुणा. दाट कारवी असेल तर वेळ जास्त लागेल, माळावर कमी लागेल. तुमच्याच डोंगराचा आकडा घ्या, शेजारच्या गावाचा उचलू नका.

राखणीची मजुरी वेगळी काढा. 15 फेब्रुवारी ते 31 मे म्हणजे साडेतीन महिने. टेकडीवर दोघे दिवसा, दोघे संध्याकाळी. अर्जात ठळक लिहा की एप्रिल-मेची मजुरी याच वर्षाच्या निधीतून आगाऊ बांधून ठेवावी किंवा नवीन निधी येईपर्यंतची सोय लेखी कळवावी. हे वाक्य बहुतेक अर्जांत नसतं आणि एप्रिलात माणसं पांगतात ती त्यामुळेच.

सामानाची यादी छोटी ठेवा: कोयते, दाताळी, फावडी, पाठीवरचे फवारणी पंप, सुती कपडे, चांगले बूट, पाण्याचे कॅन, शिट्ट्या. पाचोळा उडवणारा ब्लोअर वन खात्याकडे असतो. तो वापरायला द्यावा एवढंच मागा. गावाने विकत घेतला तर दुसऱ्या वर्षी तो कुणाच्या तरी गोठ्यात पडलेला सापडतो.

ऑक्टोबर: कुठल्या दारात जायचं

सगळ्यात जवळचं दार आरएफओंचं, म्हणजे रेंजच्या वन अधिकाऱ्याचं. रेंज ऑफिसात पुढच्या वर्षाचा कामाचा आराखडा तयार होतो, तेव्हा तुमच्या जाळरेषांची नावं त्यात जायला हवीत. वणव्यासाठी केंद्राची वेगळी योजना 2017-18 पासून चालू आहे. आपल्यासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. राज्याचा हिस्सा उशिरा आला की केंद्राचाही पुढचा हप्ता अडकतो. म्हणून ‘वरून आलं नाही’ हे उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं. विचारायचं ते असं: कुणाचा हप्ता, कुठल्या तारखेपासून?

दुसरं दार कॅम्पाचं, म्हणजे जंगलाच्या भरपाई निधीचं, आणि माझ्या मते आपल्या तालुक्याने सगळ्यात जोरात हेच ठोठवायला हवं. जंगलाची जमीन रस्त्याला, रेल्वेला, धरणाला, वीजवाहिनीला दिली की त्या संस्थेला नुकसानभरपाईचे पैसे भरावे लागतात. 2016 च्या कायद्याने या पैशाचा निधी तयार झाला आणि 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47 हजार कोटींहून जास्त रक्कम वाटली. या निधीतून वणवा रोखण्याची कामं करायला नियमांत जागा आहे. आता आपल्याकडे बघा. बेळगाव-खानापूर-लोंढा महामार्ग रुंद झाला, झाडं गेली. रेल्वेचं दुपदरीकरण, म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाचा वाद, उच्च दाबाच्या तारा, सगळ्यांची वाट आपल्याच रानातून. झाडं इथली तुटली तर त्याचा पैसा इथल्या उरलेल्या झाडांवर किती खर्च झाला, हे विचारण्याचा पहिला हक्क कणकुंबीच्या माणसाचा. दूर कुठल्या तरी सपाट जमिनीवर रोपं लावल्याचा फलक उभा राहिला म्हणजे हिशेब पुरा होत नाही.

ग्राम अरण्य समिती, म्हणजे वन खात्यासोबत रान राखणारी गावची समिती, बहुतेक गावांत कागदावर आहे. कर्नाटकात संयुक्त वन व्यवस्थापन 1993 पासून चालू आहे. समितीचं बँक खातं जिवंत आहे का, शेवटची बैठक कधी झाली, सही कुणाची चालते, हे बघा. खातं बंद पडलं असेल तर ऑक्टोबरातच केवायसी करून घ्या. नाहीतर जानेवारीत पैसा मंजूर होऊन बँकेत लटकतो.

रोजगार हमी, आपल्याकडे जिला उद्योग खात्री म्हणतात, तिच्यातून दरवर्षी गवत कापायची मजुरी मागितली तर ‘यात टिकाऊ काम दिसत नाही’ असं उत्तर मिळायची शक्यता फार. तिथं माती आणि पाणी मागा: उतारावर समतल चर, छोटी वनतळी, रोपवाटिका. वनतळ्यात मार्चपर्यंत पाणी राहिलं तर पंप भरायला तेच उपयोगी. या योजनेचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) चालू नियम समजून घेऊन मगच काम सुचवा. ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यातही वणव्याची एक ओळ घालून घ्या. रक्कम थोडी असली तरी चालेल. एकदा शीर्षक उघडलं की पुढच्या वर्षी वाढवता येतं.

वनहक्क कायदा, 2006 हे दार अवघड, पण आत गेलात तर सगळ्यात मजबूत. सामुदायिक वनसंपत्तीचा दावा मंजूर झाला की रान राखण्याचा, त्याचं नियोजन करण्याचा अधिकार गावसभेला मिळतो. दावा फॉर्म ‘सी’मध्ये करायचा. इथली बरीच गावं अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, गवळी-धनगरही इथं त्या यादीत नाहीत. त्यामुळे 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. हा जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून जुने कागद त्या काळच्या नोंदींत शोधा. गॅझेटियर, जुनी मोजणी, देवस्थानाच्या नोंदी चालतात, आणि वर सांगितलेली वृद्धांची लेखी साक्षही चालते. ठरावाच्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. भात कापणीच्या दिवसांत सभा ठेवली की कोरम भरत नाही, एवढं साधं भान असू द्या. दावा अभयारण्यातही करता येतो. भीमगडच्या आतल्या वाड्यांच्या पुनर्वसनाची बोलणी चालू असतात, तिथं तर हक्क आधी नोंदले जाणं फार महत्त्वाचं.

भाषेचा प्रश्न, न चिडता

राज्यघटनेच्या 350 व्या कलमाप्रमाणे तक्रारीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही. हे माहीत असावं. पण माझा अनुभव असा की आगीच्या कामात भाषेचा लढा मिसळला की आग बाजूला राहते. मी पहिलं पान कन्नडात देतो आणि मागे तोच मजकूर मराठीत जोडतो. गावातल्या शाळेत शिकलेल्या पोराला कन्नड चांगलं येतं, त्याच्याकडून लिहून घ्यायचं. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा राज्याच्या राजभाषेतच चालतो, तिथं कन्नड बरं. शुल्क 10 रुपये, विषय एक, शब्द 150 च्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रत्येक कागदाची पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसह. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

डिसेंबर-जानेवारी: काम

जाळरेषा जानेवारी संपायच्या आत झाडून झाली पाहिजे, पण फार लवकरही नको. नोव्हेंबरात झाडली तर डिसेंबरात झाडं पानं गाळून ती पुन्हा भरतात. ऐन, नाणा, साग असलेल्या भागात म्हणून दोनदा झाडावी लागते. रस्ता, ओढा, पायवाट यांना जोडून रेषा काढली तर मेहनत निम्मी होते. गडद सदाहरित राईतून रेषा काढू नका. ती राई स्वतःच ओली असते. आत उजेड शिरला की गवत येतं आणि आगीला नवीन वाट मिळते. ज्यांना ‘रेषा मोठी तितकी चांगली’ वाटतं ते साहेब असोत की गावकरी, त्यांना हे ठामपणे सांगावं लागतं.

आग लागलीच तर

1926 हा वन खात्याचा नंबर, 112 सर्वसाधारण मदतीचा. दोन्ही लावा, आणि गार्डलाही वेगळा फोन करा. जागा सांगताना सर्व्हे नंबर आणि जवळचा ओढा सांगा.

आग चढावर पळते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला, चढावर, कधीही उभं राहायचं नाही. बाजूने, मागून, जळलेल्या बाजूला पाय ठेवून डहाळ्यांनी झोडपत पुढे जायचं. टेरिकॉटचा शर्ट घालून जाऊ नका, तो अंगाला चिकटतो. उलट आग, म्हणजे येणाऱ्या आगीसमोर मुद्दाम लावलेली आग, लावायची असेल तर फॉरेस्टचा अनुभवी माणूस समोर असल्याशिवाय नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं हौसेने येतात, त्यांना पाणी पोचवायला खाली ठेवा. विझली असं वाटलं तरी दोघे रात्रभर थांबले पाहिजेत. सुकलेला ओंडका आतून दोन दिवस धुमसत राहतो.

विझल्यावर

दुसऱ्या दिवशी जळलेल्या कडेने मोबाईलमध्ये वाट नोंदवत चाला आणि क्षेत्र काढा. फोटो तारखेसह. आरएफओंना लेखी द्या, पोच घ्या. तुमचा आकडा आणि खात्याचा आकडा यांत फरक आला तर भांडू नका, दोन्ही आकडे पुढच्या अर्जात शेजारी शेजारी छापा.

जळलेल्या जागेवर रोपं लावायची घाई बरेचजण करतात, कारण रोपांना बिल असतं. दोन पावसाळे थांबा. ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा यांच्या खोडांना बुंध्यातून फुटवे येतात, आणि ते लावलेल्या रोपापेक्षा जोमाने वाढतात. कारण मुळं जुनी असतात. जूनअखेर दहा बाय दहा मीटरचे पाच चौकोन आखून फुटवे मोजा, रानमोडी उपटा, आणि त्या तुकड्यात दोन वर्षं गुरं सोडायची नाहीत असं गावसभेत ठरवून घ्या. मोजणीची वही समितीच्या सचिवाकडे ठेवा. ऑगस्टात अर्जाला तीच जोडायची आहे.